शब्दचर्चा: 'होलिस्टिक' मानसिक आरोग्याला मराठीत काय म्हणावं?

प्रतापनगरकर

आमच्या वाचनालयात मनाच्या आरोग्यावर दरमहा गप्पांचा कार्यक्रम सुरू करतोय. येणारे बहुतेक साठीपुढचे, शिवाय अभ्यासिकेत बसणारी एमपीएससीची मुलं. पत्रकाच्या इंग्रजी मसुद्यात 'होलिस्टिक अप्रोच' आणि 'इमोशनल वेल-बीइंग' हे दोन शब्द वारंवार येतात. मी 'समग्र दृष्टिकोन' आणि 'भावनिक कल्याण' असं लिहिलं. व्याकरणात चूक नाही, पण आमच्या आईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "म्हणजे काय करणार आहात?" कुणी नीट शब्द सुचवेल का?

वर्धारोड

'सर्वांगीण' चालेल. सगळ्यांना कळतो.

महालची वाचक

'सर्वांगीण' कळतो, पण शाळेच्या 'सर्वांगीण विकासा'त तो इतका झिजलाय की वाचताना डोळा त्यावर थांबत नाही.

मी बरीच वर्षं एका सरकारी दवाखान्यात समाजसेवा अधीक्षक होते, त्यामुळे या शब्दाबद्दल थोडं पोटतिडकीने लिहिते. 'होलिझम' हा शब्द दक्षिण आफ्रिकेचे नेते यान स्मट्स यांनी १९२६ मध्ये रूढ केला, ग्रीक 'होलोस' म्हणजे 'संपूर्ण' यावरून. वैद्यकात ही दृष्टी नेटाने मांडली ती अमेरिकी डॉक्टर जॉर्ज एंगेल यांनी, १९७७ मध्ये. आजार पाहताना शरीर, मन आणि माणसाची सामाजिक परिस्थिती या तिन्हींकडे एकत्र पाहा, असं त्यांचं म्हणणं. त्याच्याही आधी, १९४८ पासून, जागतिक आरोग्य संघटनेच्या घटनेत आरोग्याची व्याख्या शारीरिक, मानसिक आणि सामाजिक सुस्थिती अशीच आहे. नुसता रोग नसणं म्हणजे आरोग्य नव्हे.

आता आपल्या नागपुरातल्या पाट्या बघा. 'होलिस्टिक' लिहिलं की लोक 'बिनगोळ्यांचा उपाय' असा अर्थ घेतात. हा अर्थ घातक आहे. चालू गोळ्या कुणाच्या सांगण्यावरून एकदम बंद करून महिन्या-दोन महिन्यांत जास्त बिघडून परत आलेली माणसं मी पाहिली आहेत. 'संपूर्ण'मध्ये गोळीही येते, झोपही येते, व्यायाम, प्राणायाम, घरातलं भांडण आणि डोक्यावरचं कर्जही येतं. यातलं काही वगळलं तर ते 'होलिस्टिक' उरत नाही.

म्हणून मी 'साकल्य' सुचवते. 'सकल' म्हणजे स-कला, सगळ्या अंशांसकट. 'साकल्याने विचार करणे' हा प्रयोग अग्रलेखांतून आपल्या कानावर आहेच. 'मनाच्या आरोग्याचा साकल्याने विचार' असं लिहा. 'दृष्टिकोन' गाळला तरी काही बिघडत नाही.

आणि एक. ओपीडीत उमरेडकडच्या एक बाई आल्या होत्या. फॉर्मवर 'नैराश्य: आहे / नाही' असा रकाना. बाई म्हणाल्या, नाही. मी सहज विचारलं, "मावशी, घरी गमते का?" तशा म्हणाल्या, "गमतच नाई न बाई. पोरगा पुण्याले गेला तवापासून मले गमत नाई. रात्रभर डोया लागत नाई, जेवाले बसलं का घास फिरते." पुढे तपासणीत थायरॉइड कमी निघाला, बी-१२ही कमी. औषधं सुरू झाली, आणि बचत गटाच्या बैठकीला पुन्हा जायचं ठरलं. रकान्यातल्या शब्दाने त्यांच्या तोंडून काही काढलं नसतं. तुमच्या पत्रकात 'गमत नाही' हा शब्द हवाच.

सक्करदरा

पुण्याहून आलेल्या सुनेला आमचं 'गमत नाही' कळायला वेळ लागला, तिकडे 'करमत नाही' म्हणतात. जुन्या कवितेत 'मज गमे' म्हणजे 'मला वाटतं'. आपल्याकडे तोच धातू मन रमण्यासाठी राहिला.

रामदासपेठ

'वेल-बीइंग'साठी 'स्वास्थ्य' सोडू नका. हिंदीत 'स्वस्थ' म्हणजे निरोगी, मराठीत मात्र 'स्वस्थ बस' म्हणतो आणि 'अस्वस्थ वाटतंय' म्हणतो. आपण हा शब्द मनाकडे ओढून घेतला. आणि त्याला आधार आहे: सुश्रुताच्या 'स्वस्थ'च्या व्याख्येत दोष, अग्नी, धातू यांच्या समतोलाबरोबर 'प्रसन्नात्मेन्द्रियमनाः' असं पद येतं. आत्मा, इंद्रियं आणि मन प्रसन्न असल्याखेरीज माणूस स्वस्थ नाही. चरकाने चिकित्सेचे तीन प्रकार सांगितले, त्यात औषध-आहाराच्या युक्तिव्यपाश्रयाबरोबर मनाला अहितकर विषयांपासून आवरणारा 'सत्त्वावजय' आहे. दोन्ही एकाच यादीत, हे मला महत्त्वाचं वाटतं.

एकच अडचण. नागपुरात हिंदीमुळे 'स्वास्थ्य' वाचलं की 'स्वास्थ्य केंद्र' डोळ्यांपुढे येतं. तेव्हा 'मनाचं स्वास्थ्य' असं फोडून लिहा.

इंदोऱ्याहून

मसुद्यात 'माइंडफुलनेस' असणारच. त्याला 'सजगता' लिहितात, ठीक आहे. मूळ पाली शब्द 'सति', संस्कृत 'स्मृती'. जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात तणाव आणि जुनाट दुखण्यांसाठी आठ आठवड्यांचा कार्यक्रम सुरू केला, त्यातून हा शब्द दवाखान्यांत आला. आमच्या वस्तीत विपश्यनेला जाऊन आलेली बरीच माणसं आहेत. त्यांना 'श्वासाचं भान' म्हटलं की लगेच कळतं. 'भान' घ्या. भान ठेवणं, भान सुटणं, भानावर येणं, सगळं आपल्या बोलण्यात आहे.

'वेदना' शब्द मात्र जपून वापरा. पालीत वेदना सुखद, दुःखद किंवा दोन्ही नसलेली असते. मराठीत फक्त दुखणारी. 'वेदनेकडे बघा' असं लिहिलंत तर आजी गुडघ्याकडे बघेल, म्हणून 'संवेदना' लिहा. आणि ध्यानाने सगळ्यांना बरंच वाटतं असं समजू नका. काहींची घालमेल वाढते. अशाला बळेच बसवू नये.

महालची वाचक

याला माझं पूर्ण अनुमोदन.

वर्धारोड

एक जुनी सल. प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४ सालचं, पण रिक्षावाला अजून 'पागलखाना चौक'च म्हणतो. तिथे उतरताना नातेवाईक मान खाली घालतात, हे मी पाहिलंय. कायद्याची भाषा बदलत गेली: १९१२ चा 'इंडियन लूनसी ॲक्ट', मग १९८७ चा 'मेंटल हेल्थ ॲक्ट', आणि २०१७ च्या कायद्यात 'मानसिक आजार असलेली व्यक्ती', म्हणजे आधी व्यक्ती. पत्रकात 'मनोरुग्ण' टाळा.

प्रतापनगरकर

सगळ्यांचे मनापासून आभार. नवा मसुदा:

"घरी गमत नाही? झोप लागत नाही? जीव घाबरा होतो? या, बसू, बोलू. मनाच्या स्वास्थ्याचा साकल्याने विचार करू: झोप, जेवण, चालणं, श्वासाचं भान, घरची माणसं, पैशाची काळजी आणि डॉक्टरांचं औषध. चालू गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. रात्री-अपरात्री बोलावंसं वाटलं तर टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो, मराठीतही बोलता येतं."

महालची वाचक

छान झालाय. 'डॉक्टरांचं औषध' यादीत शेवटी आहे, ते झोपेच्या शेजारी आणा. शेवटी राहिलं की नाइलाजाचं वाटतं. आणि १४४१६ मोठ्या अक्षरांत छापा, साठीपुढच्यांना चष्म्याविना दिसला पाहिजे.