सासूबाई सिंगापुरात साक्षीदार झाल्या, आता तिकडून मेल आलाय. काय करावं?

गुडदाणी

नमस्कार मंडळी. थोडं लांबण लागेल, पण मधलं गाळलं तर प्रश्नच कळायचा नाही.

आम्ही जुळे सोलापूरचे. ह्यांचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे. मे महिन्यात आम्ही दोघं, दहावीची परीक्षा दिलेला मुलगा आणि सासूबाई असे सिंगापूरला गेलो. सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं मुंबई, तिथून विमान. सासूबाई सत्तरीच्या, नऊवारी नेसतात. माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, त्यामुळं कन्नड आणि मराठी सारखंच येतं, इंग्रजी म्हणाल तर 'थँक्यू' एवढंच. म्हातारं माणूस सोबत आहे तर सिंगापूरच बरं, तिथं चोरीचकारीचं नावच नको, असं ट्रॅव्हलवाल्यापासून शेजारणीपर्यंत सगळ्यांनी सांगितलेलं.

सेंटोसाला निघालो होतो त्या दिवशीची गोष्ट. मेट्रोनं हार्बरफ्रंट स्टेशनला उतरलो. आईंनी गाडीतच पिशवीतून शेंगांचा लाडू काढला होता, तर मुलानं त्यांचा हात धरला, कारण तिथं गाडीत खाल्लं तर पाचशे डॉलरपर्यंत दंड. त्यावर आई फुगलेल्या. ते असो.

सरकत्या जिन्याची आईंना मनापासून धास्ती. लुगड्याचा काठ अडकेल म्हणून जिन्यावर पाय ठेवला की त्या समोर बघतच नाहीत, नजर खाली पायऱ्यांवर. बाकीचे सगळे एक तर मोबाईलमध्ये नाहीतर वर बघत उभे. आईंच्या पुढच्या पायऱ्यांवर एक माणूस होता, ऑफिसचे कपडे, गळ्यात ओळखपत्राची दोरी, हातात कागदी पिशवी. त्याच्या पुढं कॉलेजात असावी अशी मुलगी, स्कर्ट घातलेली. आईंना त्या पिशवीच्या तोंडाशी रुमालाखाली तिरका ठेवलेला मोबाईल दिसला. पडदा मागच्या बाजूला, त्यावर काहीतरी हलतंय. आधी त्यांना वाटलं, बिचाऱ्याचा फोन चालूच राहिलाय. मग मुलगी एक पायरी वर सरकली, तशी पिशवी पण तिच्या मागोमाग सरकली, आणि पडद्यावर काय दिसतंय ते आईंना कळलं.

"ए बाबा, काय करायलास रे!"

मला वाटलं आईंचा पाय अडकला. वळून बघते तर आईंनी त्याच्या पिशवीचा बंद मुठीत धरलेला. वर पोचेपर्यंत पिशवी फाटली, फोन फरशीवर पडला, रेकॉर्डिंग चालूच. मुलीनं मागं बघितलं आणि तिचा चेहराच उतरला. तो फोन उचलून सटकायला बघत होता, पण दोन पोरं आणि स्टेशनचा एक कर्मचारी आडवे आले. पोलीस आले, त्यांनी फोन ताब्यात घेतला.

मग जबाब. आम्ही भारतातले म्हटल्यावर त्यांनी तमिळ येणारा पोलीस बोलावला. आई त्याच्याशी कन्नडमधून बोलल्या, त्याला निम्मं समजलं, तो बोलला त्यातलं निम्मं आईंना, आणि मग दोघंही माझ्या तोंडाकडं बघायला लागले. शेवटी आई मराठीत सांगत गेल्या, मी इंग्रजीत. पासपोर्टची कॉपी, पत्ता, ईमेल सगळं घेतलं. मुलानं त्या माणसाचा फोटो काढला होता, तो पण घेतला. सेंटोसा बोंबललं.

आता मेल आलाय. त्या माणसानं आरोप नाकारलाय, खटला उभा राहिला तर सासूबाई साक्ष द्यायला तयार आहेत का, असं विचारलंय.

हे म्हणतात, उत्तरच देऊ नको. डिजिटल अरेस्टच्या बातम्या वाचून वाचून ह्यांना परदेशातून आलेलं काहीही खोटंच वाटतं. आई म्हणतात, "बघितलंय ते सांगीन की. त्यात काय?" मी मधल्या मधी. मेल खरा का खोटा हे कसं ओळखायचं? नाही म्हटलं तर पुढं व्हिसाला अडचण येते का? हो म्हटलं तर ह्या वयात त्यांना परत तिकडं न्यावं लागेल का? आणि खर्च कुणाचा?

टेक्काकर

ताई, आधी आजींना माझा नमस्कार सांगा. मी बरीच वर्षं सिंगापुरात आहे, मूळचा बार्शीचा.

मेलचं सोपं आहे. पाठवणाऱ्याच्या पत्त्याचा शेवट बघा. इथल्या सरकारी खात्यांचे पत्ते 'जीओव्ही डॉट एसजी'नं संपतात, त्याच्या पुढं अजून काही चिकटवलेलं असेल तर खोटा. पण तेवढ्यावर थांबू नका, पत्त्याची नक्कल करता येते. जबाबाच्या वेळी तुम्हाला रिपोर्ट नंबर किंवा तपास अधिकाऱ्याचं नाव दिलं असेल, ते मेलमधल्याशी जुळतंय का बघा. मग मेलमधला फोन नंबर न वापरता पोलिसांच्या वेबसाइटवरून नंबर काढून फोन लावा. इथलं घड्याळ अडीच तास पुढं आहे, तेव्हा दुपारी लवकर लावा. पैसे, ओटीपी, बँकेचं काही विचारलं की समजा फसवणूक. साक्षीला बोलावणारा माणूस तुमच्या खात्यात किती शिल्लक आहे हे विचारत नाही.

गुन्ह्याचं म्हणाल तर असा प्रकार इथं पोलीस हलक्यात घेत नाहीत. 2019 मध्ये इथल्या राष्ट्रीय विद्यापीठाच्या वसतिगृहात अंघोळ करताना चोरून चित्रण झालेल्या एका विद्यार्थिनीनं उघडपणे तक्रार मांडली, तेव्हा सगळं सिंगापूर त्यावर बोलत होतं. त्याच वर्षी दंडसंहितेत दुरुस्ती मंजूर झाली आणि 1 जानेवारी 2020 पासून चोरून चित्रण करणं हा वेगळा गुन्हा झाला. दोन वर्षांपर्यंत कैद, दंड, फटके, यातलं काहीही किंवा सगळं. फटके पन्नाशीच्या आतल्या पुरुषांनाच.

सिंगापुरात गुन्हे होत नाहीत हा आपल्याकडच्या ट्रॅव्हलवाल्यांचा प्रचार. इथले पोलीस स्वतःच पोस्टर लावतात, 'लो क्राइम डझंट मीन नो क्राइम'.

एक दिलासा. स्टेशनांत सगळीकडं कॅमेरे आहेत आणि तो फोन पोलिसांकडं आहे. सगळा भार एकट्या आजींवर नाही. आणि सुरुवातीला नाही म्हणणारे पुष्कळजण पुरावा समोर आल्यावर गुन्हा कबूल करतात, मग साक्षीदारांची वेळच येत नाही.

होटगीरोडचा बाळू

वहिनी, दादा बरोबर बोलायलेत. मी इथं एका ॲक्सिडेंटला साक्षीदार झालो होतो. आधी पोलीस ठाण्याच्या चकरा, मग कोर्टाच्या. समन्स आलं की दुकान बंद. गेलं की वकील आजारी, नाहीतर साहेब रजेवर. शेवटी ज्याचा ॲक्सिडेंट झाला त्यानं तडजोड केली आणि मला कुणी सांगितलं पण नाही. आपल्या गावात ही तऱ्हा, तुम्ही म्हातारीला परदेशात कुठं नेताय? त्या पोरीला वाचवलं, पुण्य मिळालं, विषय संपला. मेल डिलीट करा आणि गप बसा.

काळा कोट

सोलापूर कोर्टात वकिली करतो. बाळू, तुझा त्रास खरा आहे, पण मेल डिलीट करून केस संपत नसते, फक्त तुम्हाला तिचा पत्ता लागत नाही.

आता ताईंचे प्रश्न. परदेशातल्या कोर्टाला भारतात बसलेल्या साक्षीदाराला नुसतं मेल पाठवून बांधता येत नाही. आत्ता विचारलंय ते 'तयार आहात का' असं आहे, म्हणजे मर्जीचा मामला. नाही म्हणायचा अधिकार तुमच्या सासूबाईंना आहे, आणि नम्रपणे नाही कळवलं तर तो काही गुन्हा नाही. व्हिसाच्या फॉर्ममध्ये तुमच्यावर गुन्हा दाखल आहे का, शिक्षा झाली आहे का, असं विचारतात. साक्षीदार असणं त्यात बसत नाही.

पुढं त्यांना अधिकृतपणे जबाब हवा असेल तर त्याचा रस्ता सरकारमार्फत आहे. फौजदारी प्रकरणांत एकमेकांना मदत करण्याचा भारत आणि सिंगापूर यांच्यात 2005 मध्ये करार झालेला आहे. विनंती आली की ती आपल्या केंद्रीय गृहमंत्रालयाकडं येते, आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 113 खाली इथलं कोर्ट किंवा पोलीस अधिकारी जबाब नोंदवून तो परत पाठवू शकतात. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत, म्हणजे सीआरपीसीत, हेच कलम 166-ब होतं. म्हणजे साक्ष म्हटलं की विमानच असं नाही. तिकडचे कुठला मार्ग धरतील हे त्यांचं कोर्ट आणि सरकारी वकील ठरवणार. प्रवासखर्च, सोबत येणाऱ्या माणसाचा खर्च, राहण्याची सोय, हे हो म्हणण्याआधी मेलवर लेखी विचारा. तोंडी आश्वासनावर तिकीट काढू नका.

कायद्यापेक्षा महत्त्वाची एक गोष्ट सांगतो, ती नीट वाचा. जबाबात दुभाषी तुम्ही होता आणि घटनेच्या वेळी हजरही तुम्हीच होता. उद्या त्या माणसाचा वकील ह्याच फटीत बोट घालणार. 'आजींनी हे बघितलं, की सुनेनं बघितलं आणि आजींच्या तोंडी घातलं?' तेव्हा मेलला उत्तर देताना स्पष्ट लिहा की त्यांची भाषा मराठी आणि कन्नड आहे आणि स्वतंत्र दुभाषी लागेल. दुसरं, त्यांनी काय बघितलं ते त्यांना त्यांच्या शब्दांत मुलाकडून लिहून घ्यायला सांगा, खाली तारीख टाका, आणि तुम्ही त्या खोलीत बसू नका. तुम्ही तुमचं वेगळं लिहा. दोघींनी मिळून 'असंच झालं होतं ना?' हा खेळ बंद. पिशवी कुठल्या हातात होती हे त्यांना आठवत नसेल तर 'आठवत नाही' हेच उत्तर. साक्षीदार बुडतो तो मदत करायला जाऊन.

इंद्रभुवन

वकीलसाहेब बोललेत ते सगळं करा. माझी एकच भर. त्या फोटोचं काय केलंत? नातेवाईकांच्या ग्रुपवर टाकला असेल तर आधी काढायला लावा. अशा खटल्यांत पीडितेची ओळख उघड करायला सिंगापूरची कोर्टं बंदी घालतात. फोटोत मागं ती मुलगी दिसत असेल तर तुमचा पुतण्या 'बघा आमच्या आजीचा पराक्रम' म्हणून स्टेटस ठेवेल आणि त्रास तिला होईल.

आणि बाळूभाऊ, 'विषय संपला' तुमचा. त्या पोरीचा कुठं संपला? तो बाबा नाकारतोय म्हणजे तिला कोर्टात उभं राहून सगळं परत सांगावं लागणार. तिथं एक म्हातारी 'मी पण बघितलं' म्हणायला असणं वेगळं.

गुडदाणी

सगळ्यांचे आभार. फोटो ग्रुपवर गेलेला नाही. चुलत दीर रोज मागतात, आता इंद्रभुवनताईंचं कारण देऊन गप्प करते.

टेक्काकर म्हणतात तसा फोन केला. मेल खरा आहे, रिपोर्ट नंबर जुळला. हे स्पीकरवर ऐकत होते. फोन ठेवल्यावर म्हणाले, "हं." ह्यांच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ झालं.

काळा कोट साहेब, मुलाला आईंसमोर बसवलं आणि मी कट्ट्यावर जाऊन बसले. दाराला कान लावला नाही, पण आईंचा आवाज तुम्हाला माहीत नाही. जिन्याच्या पायरीला पिवळी पट्टी होती, तो माणूस त्या पट्टीवर उभा होता, बुटाची नाडी सुटलेली होती, असलं त्या सांगत होत्या. मला ह्यातलं काही म्हणजे काही दिसलं नव्हतं. मुलानं विचारलं, आजी, बुटाची नाडी कशी काय लक्षात राहिली? तर म्हणाल्या, "गड्ड्याच्या जत्रेत जन्म गेला माझा. गर्दीत तोंडं बघून कळत नसतंय, हात आणि पाय बघायचे." त्या माणसाचा चेहरा मात्र नीट आठवत नाही म्हणाल्या. मुलगा म्हणाला, फोटो दाखवू का? मी बाहेरूनच ओरडले, नको म्हणून. बरोबर केलं ना? तुम्ही सांगितलं होतं आत बसू नका, ओरडू नका असं कुठं सांगितलं होतं.

फटक्यांचं पण सांगितलं त्यांना. मला वाटलं खूश होतील. थोडा वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, किती मारायचं ते त्यांनी ठरवावं, मला त्यात विचारू नका.

काळा कोट

फोटो दाखवला नाहीत ते उत्तम. ओळख पटवणं पोलिसांचं काम, आणि माणूस जागेवरच पकडलाय, त्यामुळं चेहरा आठवला नाही म्हणून अडत नाही. तो कागद जपून ठेवा, पण मेलसोबत स्वतःहून पाठवू नका. आधी विचारा, त्यांनी मागितला तरच पाठवा.

होटगीरोडचा बाळू

आजीनं बुटाची नाडी बघितली म्हणजे हद्द झाली राव. माझ्या केसला आजी पाहिजे होत्या. वहिनी, जाणार असाल तर माझं म्हणणं मागं घेतो, पण खर्चाचं लेखी घ्याच.

गुडदाणी

उत्तर पाठवलं काल. तयार आहेत, भाषा मराठी, दुसरी कन्नड, स्वतंत्र दुभाषी हवा, वय आणि गुडघेदुखी बघता सोलापुरातूनच जबाब देता आला तर बरं, आणि नेणार असाल तर सोबत एका माणसाचा खर्च कोण करणार, असं सगळं लिहिलं. पोच आली आहे, पुढच्या सुनावणीनंतर कळवतो म्हणालेत.

सोबत कोण जाणार यावर घरात आताच वाद आहे. ह्यांचं म्हणणं, आई माझी आहे. मुलाचं म्हणणं, जबाब मी लिहिलाय. आईंनी दोघांनाही सांगितलंय, जो मला गाडीत लाडू खाऊ देईल तो येईल.