चाचण्या नापास झाल्या की निकाल अपलोडच होत नाहीत

चाचणीवाली:
तीन दिवस डोकं खातंय हे. पायटेस्ट (पायथन कोडच्या चाचण्या चालवणारं टूल) निकालांची जेयुनिट पद्धतीची एक्सएमएल फाइल बनवतं, स्क्रिप्टच्या पुढच्या ओळीत कमांड लाइन टूल ती डॅशबोर्डवर चढवतं. सगळं हिरवं असलं की निकाल झकास दिसतात. एक जरी चाचणी पडली की डॅशबोर्ड रिकामा. म्हणजे हवे असतात नेमके तेव्हाच गायब! टोकन (डॅशबोर्डला ओळख पटवणारी किल्ली) पाहिलं, फाइलचा पाथ पाहिला. आता काय पाहू?

रात्रपाळी:
टोकन बिचारं निर्दोष आहे. चाचणी पडली की पायटेस्टचा एक्झिट कोड (संपताना दिलेला आकडा; ० म्हणजे सगळं ठीक) १ येतो. स्क्रिप्टच्या सुरुवातीला 'सेट -ई' (कमांड फसली की तिथेच थांब, असा हुकूम) असेल, तर ती तिथेच गाशा गुंडाळते. अपलोडची ओळ येतच नाही. पायटेस्टच्या ओळीपुढे दोन उभ्या रेघा (||, म्हणजे 'फसलं तर पुढचं कर') देऊन तो कोड व्हेरिएबलमध्ये धरा, अपलोड करा, शेवटी तोच कोड घेऊन बाहेर पडा. रेघांपुढे नुसतं 'ट्रू' (म्हणजे काहीही झालं तरी 'ठीक') लावून मोकळं होऊ नका. आमच्याकडे एकाने लावलं होतं, दोन आठवडे बिल्ड हिरवीगार आणि आत सगळं मोडलेलं.

जुनाखोड:
अपलोड कर्लने (नेटवरून डेटा पाठवणारी कमांड) करत असाल तर 'फेल' हा पर्यायही द्या. नाहीतर सर्व्हरने ४०१ ('ओळख पटली नाही') देऊन हाकललं तरी कर्ल ० देऊन गप्प बसतं.

चाचणीवाली:
'सेट -ई'च होतं! आता चढतात. पण आज पायटेस्ट सुरू होतानाच कोसळलं आणि कालची फाइल आजचे निकाल म्हणून चढली.

रात्रपाळी:
सुरुवातीलाच जुनी फाइल उडवा.