कजा, कफ्फारा, फिदिया: तिन्हींना ‘प्रायश्चित्त’ चालेल का?

रोज्यांवरच्या एका मराठी पुस्तिकेची प्रुफं तपासतेय. ‘रोजा मोडल्यास प्रायश्चित्त करावे’ असं सगळीकडे छापलंय. मूळ उर्दूत मात्र कजा, कफ्फारा, फिदिया असे तीन शब्द आहेत. एकाच शब्दात तिन्ही बसतात का?

प्रतिसाद:
मुळीच नाही. तापाने फणफणलेल्या माणसाने किंवा प्रवाशाने रोजा ठेवला नाही, तर त्याने पाप केलेलं नसतं. कुराणातच (२:१८४) तेवढे दिवस पुढे भरून काढायला सांगितलंय. बाईने पाळीच्या दिवसांत रोजा ठेवायचाच नसतो, तेही दिवस नंतर भरायचे. यात प्रायश्चित्त कसलं? ही झाली कजा.

शास्त्रात अदा आणि कजा अशी जोडी आहे. वेळेत केलं ते अदा, वेळ टळल्यावर केलं ती कजा. ‘रक्कम अदा केली’ मधला अदा हाच. कजाच्या मूळ धातूत निकाली काढणं, पुरं करणं, चुकतं करणं असे अर्थ आहेत. निवाडा करणारा काजी त्यातूनच आला, आणि आपला कज्जा, कज्जेदलालसुद्धा त्याच कुळातले.

कफ्फाऱ्याच्या धातूचा अर्थ झाकणं. चूक झाकणारं कर्म ते कफ्फारा, म्हणून ‘प्रायश्चित्त’ शोभतं ते इथेच. गुलाम मुक्त करणं, ते नसेल तर सलग ६० रोजे, तेही झेपत नसतील तर ६० गरिबांना जेवण. शिवाय मोडलेल्या रोज्याची कजा राहतेच. पण हा कफ्फारा कधी लागतो? रमजानात दिवसा जाणूनबुजून खाल्लं-प्यायलं तरी लागतो, असं हनफी मत (हनफी आणि शाफई या सुन्नी मुसलमानांच्या धर्मशास्त्राच्या दोन परंपरा). शाफईंच्या मते तो शरीरसंबंधाने रोजा मोडला तरच, खाण्यापिण्याला नुसती कजा. कोकणातले मुसलमान बहुतेक शाफई, देशावरचे बहुतेक हनफी. तेव्हा कोणत्या मताने लिहिलंय ते पुस्तिकेत सांगायलाच हवं.

फिदिया म्हणजे सोडवणुकीचा मोबदला. थकलेल्या म्हाताऱ्याला किंवा बरा न होणारा आजार असलेल्याला पुढेही रोजे जमणार नसतात, म्हणून दर रोज्यामागे एका गरिबाचं जेवण. जीव ओवाळून टाकणारा ‘फिदा’ याच धातूचा.

प्रतिसाद:
आमच्या खालाच्या (मावशीच्या) स्वयंपाकघरात कॅलेंडर असतं. ईद झाली की त्यावर पेन्सिलीने सहा-सात रेघा. एक रोजा झाला की एक रेघ खोडायची. ‘माझे अजून दोन राहिलेत, शाबान (रमजानच्या आधीचा महिना) संपायच्या आत फेडते,’ असं ती म्हणते. नवस फेडतात, कर्ज फेडतात, तसे रोजे फेडायचे. मला हाच शब्द सगळ्यात जवळचा वाटतो. हदीसमध्येही (पैगंबरांच्या वचनांच्या नोंदींत) हेच आहे. कुणाची तरी आई वारली, तिच्यावर महिन्याचे रोजे बाकी होते, तर पैगंबरांनी विचारलं की तिचं कर्ज असतं तर फेडलं असतं ना? मग अल्लाहचं देणं तर आधी फेडायला हवं. तिथलं अरबी क्रियापद कजाच्याच धातूचं.

आणखी एक. ‘मोडल्यास’ हेही सरसकट नको. मगरिबला (सूर्यास्ताच्या नमाजाच्या वेळी) रोजा सोडतात, मुद्दाम खाल्लं तर मोडतो, आजारपणात राहून जातो. विसरून घोटभर पाणी प्यायलं तर हनफी-शाफई दोघांच्याही मते मोडतच नाही.

मूळ प्रश्नकर्ती:
‘राहिलेला रोजा फेडणे (कजा)’ असं करते. कफ्फाऱ्यापुढे प्रायश्चित्त ठेवते. फिदिया तसाच ठेवून पहिल्यांदा येईल तिथे अर्थ देते. मत हनफी की शाफई, ते लेखकांना आजच विचारते.