कोविडच्या साथीच्या काळात औषधोपचार समाजमाध्यमांवर शोधणे कितपत योग्य होते?

नौपाडेकर
एप्रिल २०२१ मध्ये आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर रात्री दोन वाजतासुद्धा ‘रेमडेसिविर कुठे मिळेल?’ अशी विचारणा येत असे. रुग्णांना हे औषध देऊ नये, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्येच केलेली असताना माणसे त्यासाठी ठाण्यापासून भिवंडीपर्यंत वणवण फिरत होती. माझ्या मते ही घबराट या गटांनीच पसरवली, आणि पुढच्या साथीत उपचारांविषयीचे संदेश तेथे येऊच देऊ नयेत.

वाशीकर
रेमडेसिविरची चिठ्ठी व्हॉट्सॲपने लिहून दिली नव्हती, ती डॉक्टरांनी दिली होती. माझ्या वडिलांच्या रक्तातील ऑक्सिजन ८८ टक्क्यांवर आला तेव्हा मदतीचा प्रत्येक क्रमांक व्यग्र लागत होता; खाट कुठे रिकामी आहे ते ऐरोलीच्या एका अनोळखी बाईंनी गटावर कळवले, म्हणून ती मिळाली. ऑक्सिजन वा खाटांसाठी समाजमाध्यमांवर हाक देणाऱ्या नागरिकांवर कारवाई करू नये, असे सर्वोच्च न्यायालयानेही ३० एप्रिल २०२१ रोजी बजावले होते.

कळव्याचा औषधविक्रेता
खाट कुठे आहे हे विचारणे आणि गोळी कोणती घ्यावी हे विचारणे, यांत फरक आहे. माझ्या दुकानात लोक मोबाईलवर भलत्याच रुग्णाच्या चिठ्ठीचे छायाचित्र दाखवून स्टेरॉइड मागत. डेक्सामेथासोन या स्टेरॉइडमुळे मृत्यू कमी होतात हे ब्रिटनमधील चाचणीतून जून २०२० मध्ये पुढे आले, पण तो लाभ ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णांपुरता होता. नेमका तेवढाच भाग पुढे पाठवताना गळाला. ताप आल्याच्या दुसऱ्या दिवशी स्टेरॉइड सुरू करणाऱ्या मधुमेह्याची साखर किती चढते आणि म्युकरमायकोसिसला, म्हणजे काळ्या बुरशीच्या आजाराला, कसे आयते रान मिळते, हे त्या संदेशात कोण लिहिणार?

नौपाडेकर
माझे म्हणणे हेच होते.

वाशीकर
नव्हते, आपण संदेशच बंद करायला निघाला होता. शिवाय अधिकृत सल्लाही स्थिर कुठे होता? प्लाझ्मा उपचार, म्हणजे बऱ्या झालेल्यांच्या रक्तातील द्रव रुग्णाला देणे, राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतून मे २०२१ मध्ये वगळला गेला. तोवर दात्यांसाठी आवाहने होतच होती आणि आम्हीही ती निष्ठेने पुढे पाठवत होतो. तज्ज्ञांचे मत पुराव्यानुसार बदलते, हे मला मान्य आहे. मात्र तो बदल सोप्या मराठीत आणि त्याच दिवशी आमच्यापर्यंत पोहोचत नसेल, तर माणूस शेजाऱ्यालाच विचारणार.

कळव्याचा औषधविक्रेता
जरूर विचारावे. पण शेजाऱ्याची चिठ्ठी घेऊन दुकानात येऊ नये. तिच्यावर तुमच्या वडिलांचे वय नसते आणि त्यांची साखरही नसते.