घरच्या लँडलाइनऐवजी इंटरनेटवरचा दूरध्वनी घ्यायचा आहे, कोणती सेवा निवडावी?

कोथरूडवासी:
पुण्यात आमच्या घरी 1989 साली दूरसंचार खात्याकडून मिळालेला आणि आता बीएसएनएलकडे असलेला, तांब्याच्या तारेवरचा दूरध्वनी आहे. पुढच्या महिन्यात इमारतीच्या बाहेरच्या भिंतींचे काम निघत असून भिंतींवरून लोंबणाऱ्या सगळ्या तारा काढून टाकण्याचा ठराव सोसायटीने केला आहे. त्यानंतर डक्टमधून फक्त फायबर येईल.

माझे वडील 81 वर्षांचे आहेत. मोबाइलच्या पडद्यावरचे त्यांना आता दिसत नाही. टेबलावरच्या फोनची बटणे मात्र ते न पाहता दाबतात. 5 च्या बटणावरचा बारीक उंचवटा बोटाला लागला, की बाकीचे आकडे त्यांना बिनचूक सापडतात. त्यामुळे टेबलावरचा फोन राहिलाच पाहिजे. जिओफायबर, एअरटेल आणि बीएसएनएल या तिघांचेही फायबर आमच्या भागात मिळते आणि तिघेही इंटरनेटबरोबर दूरध्वनी देतात. मासिक खर्चात थोडाफार फरक पडला तरी चालेल. जुना क्रमांक राहील का, वीज गेल्यावर फोन चालेल का आणि आवाज नीट येईल का, एवढे मला जाणून घ्यायचे आहे. माझी बहीण जर्मनीत असते आणि रोज संध्याकाळी याच क्रमांकावर फोन करते.

जुनी_तार:
आधी क्रमांकाचा निर्णय करा. बाकी सगळे मागाहून बदलता येते, हातचा गेलेला क्रमांक परत मिळेलच असे नाही. मोबाइलचा क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलण्याची सोय आपल्याकडे जानेवारी 2011 पासून देशभर आहे, पण घरगुती लँडलाइनला ती मिळालेली नाही. म्हणजे जिओ किंवा एअरटेलकडे गेलात तर 020 चा नवा क्रमांक घ्यावा लागेल. बीएसएनएलच्या तांब्याच्या जोडणीचे त्यांच्याच फायबरमध्ये रूपांतर करून घेतले, तर जुना क्रमांक ठेवता येतो. मात्र अर्ज नव्या जोडणीचा न करता रूपांतराचा करा, त्यावर जुना क्रमांक ठळक लिहा आणि अर्जाची पोच घ्या. फायबरवर तोच क्रमांक वाजल्याचे स्वतः तपासल्याशिवाय जुनी जोडणी बंद करण्याच्या कोणत्याही कागदावर सही करू नका.

हे मी कळकळीने सांगतो, कारण माझ्या सासऱ्यांच्या बाबतीत आम्ही नेमके उलटे केले. घर बदलण्याच्या घाईत जुनी लाइन बंद करण्याचा अर्ज आधी दिला आणि दवाखान्याच्या पाटीवर, औषधांच्या चिठ्ठ्यांवर वीस वर्षे छापलेला क्रमांक आठवड्याभरात गेला. जुने रुग्ण कित्येक महिने त्यावर फोन करून हताश होत राहिले.

आता विजेविषयी. तांब्याच्या तारेतून एक्स्चेंजकडून 48 व्होल्टचा पुरवठा येत असतो, म्हणून अख्ख्या पेठेत अंधार असला तरी साधा फोन चालत असे. फायबर हा काचेचा तंतू असल्याने त्यातून वीज येत नाही. तो ज्या डबीला जोडतात ती ओएनटी बंद पडली, की डायलटोनही जातो. घरात इन्व्हर्टर असेल तर ओएनटीचा सॉकेट इन्व्हर्टरच्या लाइनवर आहे ना, हे वायरमनकडून तपासून घ्या. जोडणी करणारी माणसे डबी बहुधा टीव्हीच्या मागे बसवतात आणि टीव्हीचा सॉकेट पुष्कळ घरांत इन्व्हर्टरवर नसतो. इन्व्हर्टर नसल्यास राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस घ्या, पण घेताना ओएनटीच्या ॲडाप्टरवर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर जुळवून पाहा.

आवाजाची चिंता करू नका. एका संभाषणाला दोन्ही दिशांना सेकंदाला साधारण 100 किलोबिट लागतात, त्यामुळे केवळ फोनसाठी महागडा, जास्त वेगाचा प्लॅन घेण्यात अर्थ नाही. बोलणे बिघडते ते आवाज उशिरा किंवा तुटक पोहोचल्यामुळे. एका दिशेचा विलंब 150 मिलिसेकंदांच्या आत असला की तो सहसा जाणवत नाही आणि कंपनीच्या स्वतःच्या जाळ्यातून जाणारा दूरध्वनी याबाबतीत समाधानकारक असतो.

डायलटोन:
वरील सल्ल्याशी मी सहमत आहे. फक्त हँडसेटविषयी थोडी भर घालतो. वडिलांच्या हाताला सवयीचा असलेला फोनच चालवायचा असेल, तर तो उलटा करून पाहा. खाली किंवा बाजूला पी आणि टी अशी अक्षरे असलेली सरकपट्टी असते. जुन्या एक्स्चेंजच्या काळात ती पल्सवर (आकडा खटक्यांनी पाठवण्याच्या जुन्या पद्धतीवर), म्हणजे पी वर, ठेवलेली असे. बऱ्याच ओएनटींना पल्स समजत नाही. मग डायलटोन ऐकू येतो, आलेला फोनही घेता येतो, पण आपण क्रमांक फिरवला की काहीच घडत नाही आणि दोष लाइनचा आहे असे वाटते. पट्टी टोनवर (आकडा सुरांनी पाठवण्याच्या पद्धतीवर), म्हणजे टी वर, सरकवली की काम होते. चकती फिरवण्याचा फोन असेल, तर तो शोभेसाठी ठेवावा लागेल.

घरातील जुने वायरिंग वापरून दुसऱ्या खोलीत फोन न्यायचा असेल, तर आधी ते बाहेरून येणाऱ्या तारेपासून पूर्ण सोडवून घ्या. एक्स्चेंजचा पुरवठा चालू असलेल्या तारेला ओएनटीचा फोनचा पोर्ट जोडला गेला, तर तो जळू शकतो.

दूरवरून:
माझे मत थोडे वेगळे आहे. घरात इंटरनेटची गरजच नसेल, तर सिमकार्डवर चालणारा टेबल फोन पाहा. दिसायला तो लँडलाइनसारखाच असतो, बटणे मोठी असतात, आत बॅटरी असते आणि त्यातील क्रमांक मोबाइलचा असल्याने पुढे कंपनी बदलली तरी तो तुमच्याकडेच राहतो. फक्त 4जी वर चालणाराच संच घ्या आणि घरात त्या कंपनीची रेंज पुरेशी आहे याची खात्री करा. आज जुना क्रमांक सोडावा लागेल हे खरे, पण पुन्हा कधी सोडावा लागणार नाही.

व्हॉट्सॲपवर मात्र विसंबू नका. बहिणीशी बोलायला ते उत्तम आहे. पण त्यावरून बँकेचा किंवा दवाखान्याचा साधा क्रमांक लागत नाही आणि अडीअडचणीला 112 किंवा रुग्णवाहिकेचा 108 सुद्धा लागत नाही. एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या घरी हे दोन क्रमांक कोणत्याही क्षणी लागले पाहिजेत.

कोथरूडवासी:
सर्वांचे मनापासून आभार. सिमवरच्या फोनचा विचार केला होता, पण वडिलांनी जुन्या क्रमांकाचा आग्रह धरला आणि आम्ही बीएसएनएलच्या फायबरमध्ये रूपांतर करून घेतले. क्रमांक तोच राहिला. सरकपट्टी खरोखरच पल्सवर होती. इन्व्हर्टरची परीक्षा म्हणून काल घराचा मेन स्विच बंद केला आणि वडिलांना माझ्या मोबाइलवर फोन करायला सांगितले. लँडलाइनवरून मोबाइलला आधी शून्य लावण्याचा नियम 15 जानेवारी 2021 पासून आहे, तो त्यांच्या बोटांत आता इतका मुरला आहे की अंधारातही पहिल्याच खेपेला फोन लागला. एक अडचण राहिली आहे. स्वयंपाकघरातील दुसऱ्या फोनवर बोलता येते, पण दोन्ही फोन जोडल्यापासून दोन्हींची घंटा क्षीण वाजते आणि वडिलांना ती ऐकू येत नाही.

डायलटोन:
एक्स्चेंजची घंटा एका वेळी चार-पाच फोन सहज वाजवत असे. ओएनटीची ताकद तेवढी नसते. वडिलांचा फोन एकटाच थेट ओएनटीला जोडून पाहा. त्याची घंटा पूर्ववत झाली, तर स्वयंपाकघरातील फोनच्या जागी कॉर्डलेस संच ठेवा. कॉर्डलेसची घंटा त्याच्या स्वतःच्या विजेवर वाजते, त्यामुळे लाइनवर फारसा भार येत नाही. त्याचे बेसही इन्व्हर्टरच्या सॉकेटवर लावा.