बेटांवरील आलिशान रिसॉर्टचा ‘शाश्वत’ असल्याचा दावा कसा पारखावा?

प्रश्न: ज्या प्रवाळबेटांवर गोडे पाणी आणि इंधन दोन्ही दुर्मीळ असतात, तेथील महागडी रिसॉर्ट खरोखर पर्यावरणस्नेही असू शकतात का?

उत्तर १: वातानुकूलन कशावर चालते, हे आधी विचारावे. फ्रेंच पॉलिनेशियातील तेतिआरोआ बेटावर २०१४ मध्ये सुरू झालेल्या ‘द ब्रँडो’मध्ये खोल समुद्रातील थंड पाणी वर आणून त्याच्या गारव्यावर इमारती थंड ठेवल्या जातात, त्यामुळे विजेची मोठी बचत होते, कोणत्याही प्रमाणपत्रापेक्षा मला हे अधिक विश्वासार्ह वाटते.

उत्तर २: सहमत आहे. मालदीवमधील ‘सोनेवा फुशी’ पिण्याचे पाणी बेटावरच काचेच्या बाटल्यांत भरते.

उत्तर ३: समुद्राचे पाणी गोडे करताना उरणारे अतिखारट पाणी प्रवाळांजवळ सोडले जाते का, हेही आरक्षणापूर्वी लेखी विचारावे.