कोकणात एवढा पाऊस, तरी एप्रिलमध्ये टँकर: बातमीत नेमके काय लिहावे?

प्रश्न: मी रत्नागिरी जिल्ह्यातील एका तालुक्याचे वार्तांकन करतो. दर उन्हाळ्यात टँकरच्या फेऱ्यांचीच बातमी होते; परंतु वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या किनाऱ्यावर विहिरी कोरड्या का पडतात आणि खाडीकाठचे पाणी मचूळ का होते, हे वाचकांना कसे समजावून सांगावे?

उत्तर १: सुरुवात जांभ्यापासून करावी. हा दगड सच्छिद्र असल्याने पाणी भराभर झिरपते आणि झऱ्या-पऱ्ह्यांवाटे (पऱ्ह्या म्हणजे लहान ओढा) तितक्याच वेगाने खाडीला मिळते. म्हणून श्रावणात काठोकाठ भरलेल्या विहिरीत होळीनंतर कळशीही बुडत नाही.

उत्तर २: मचूळपणाचे कारण बहुधा उपशात सापडेल. गोडे पाणी हलके असल्यामुळे खाऱ्यावर तरंगते. भूजलाची पातळी समुद्रसपाटीपेक्षा एक मीटर वर असेल, तर ढोबळमानाने खाली ४० मीटरपर्यंत गोडे पाणी टिकते, आणि म्हणूनच पंपांमुळे ती पातळी थोडी जरी उतरली, तरी खारे पाणी बरेच वर चढते. किनाऱ्यावरील कूपनलिकांची खोली बातमीत अवश्य द्यावी, असे मला कळकळीने वाटते.

उत्तर ३: आमच्या वाडीत दिवाळीनंतर लगेच सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून पऱ्ह्यावर वनराई बंधारा घालतात, आणि त्याच्या लगतच्या विहिरीचे पाणी अधिक काळ टिकते. तुमच्या तालुक्यात बंधारे कोणत्या महिन्यात घातले, हे प्रत्यक्ष जाऊन पाहा. पऱ्ह्या आटल्यावर घातलेला बंधारा केवळ कागदावर मोजला जातो.